वाट्याला जे येईल ते

वसई-विरारच्या बाजारात भाजी दोन प्रकारे मिळते. एक वजनावर, दुसरी वाट्यावर. स्टेशनबाहेर गोणपाट टाकून बसलेल्या मावशींसमोर छोटे छोटे ढीग मांडलेले असतात. चार वांगी, मूठभर मिरच्या, दोन पडवळं. "वीसला वाटा." आवडला तर उचलायचा, नाही तर पुढच्या मावशीकडे वळायचं.

'वाटा' हा मराठीतला फार कामाचा शब्द आहे. बाजारात वाटा म्हणजे ढीग. सातबाऱ्याच्या भांडणात वाटा म्हणजे हिस्सा. आणि 'वाट्याला आलं' म्हटलं की त्यात नशीब शिरतं, ज्यावर दाद मागायची सोय नसते. मला ज्या प्रश्नाबद्दल लिहायचंय तो या तीन अर्थांच्या बरोबर मधे बसलाय.

हंगामाच्या सुरुवातीलाच शेतकऱ्याला पैसे द्यायचे, आणि मग दर आठवड्याला वाडीत जे पिकेल त्याची पिशवी घरी आणायची, अशा योजना आता आपल्याला ऐकून माहीत आहेत. जपानमध्ये १९७०च्या दशकात 'तेइकेइ' नावाने हे सुरू झालं. औद्योगिक प्रदूषणाने आणि कीटकनाशकांनी धास्तावलेली शहरी कुटुंबं, त्यांत प्रामुख्याने गृहिणी, थेट शेतकऱ्यांशी जोडल्या गेल्या. १९८६ मध्ये अमेरिकेत अशी पहिली दोन शेतं उभी राहिली. मुंबईत 'मोफ्का' या सेंद्रिय शेतकरी आणि ग्राहकांच्या संघटनेने 'हरी भरी टोकरी' नावाने हाच प्रयोग केला. पिशवीत काय असेल ते तुम्ही ठरवत नाही. ते हंगाम ठरवतो.

आता एक हिशोब मांडू. समजा, विरार पश्चिमेच्या सोसायट्यांमधल्या वीस घरांनी निर्मळ-भुईगावकडच्या एका वाडीशी असं ठरवलं. आठवड्याला ६०० रुपये, जूनच्या मध्यापासून बारा आठवडे. म्हणजे घरटी ७,२०० रुपये, आगाऊ. पहिले काही आठवडे झकास जातात. शिराळी, काकडी, भेंडी, माठ, अळू. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडवळाच्या बियांच्या चटणीची रेसिपी फिरते. मग पाऊस लागतो. वाडीत गुडघाभर पाणी, एक मांडव आडवा. त्या आठवड्यात पिशवीत येतात दोन दुधी आणि अळूची एक जुडी.

ग्रुपवर कोणीतरी लिहितं, "काका, सहाशे रुपयांत एवढंच? पुढच्या हप्त्यात अ‍ॅडजस्ट करा प्लीज." दुसरं कोणीतरी लिहितं, "अहो, शेती आहे ती. फॅक्टरी नाही." त्यावर तीन अंगठे आणि बराच वेळ शांतता.

यात बरोबर कोण? बहुतेकांचा कल दुसऱ्या बाजूला जाईल, कारण ती उदार दिसते. मला मात्र पहिल्या माणसाची बाजू इतक्या सहज निकालात काढावीशी वाटत नाही. त्याने मेहनतीचे पैसे दिलेत. त्याने भाजी विकत घेतली असेल, तर त्याला भाजी कमी मिळालीय आणि त्याची मागणी रास्त आहे. प्रश्न एवढाच आहे की त्याने भाजी विकत घेतली होती का.

स्टेशनबाहेरचा वाटा आपण आधी डोळ्यांनी पाहतो, मग पैसे देतो. या योजनेत बी पडायच्या आधी पैसे जातात. त्या वेळी भाजी अस्तित्वातच नसते. मग ७,२०० रुपयांत आपण घेतलं काय? वाडीच्या एका हंगामाचा विसावा हिस्सा. त्यात चांगले आठवडे आले तसे बुडालेलेही आले. दुधी-अळूची ती पिशवी म्हणजे करार मोडल्याची खूण नव्हती. करार पहिल्यांदा खरा झाला तो त्याच आठवड्यात. आधीचे आठवडे तर कुठल्याही भाजीवाल्याने निभावले असते.

पण इथे एक पळवाट आहे, आणि ती शेतकऱ्याच्या बाजूची आहे. 'निसर्ग आहे, काय करणार' हे वाक्य फार सोयीचं असतं. पाण्याचा चर वेळेवर साफ केला नाही म्हणून वाडी तुंबली असेल, किंवा चांगली भाजी आधी दादरच्या बाजाराला गेली आणि उरलेली पिशवीत आली असेल, तर त्याला निसर्ग म्हणता येत नाही. ज्याने जोखीम वाटून घेतली, त्याला ती जोखीम कुठून आली हे विचारायचा हक्क असलाच पाहिजे. नाहीतर ती भागीदारी होत नाही, ती नुसती श्रद्धा होते. तेइकेइच्या तत्त्वांमध्ये हे दोन्ही आहे. शेतकरी जे पाठवेल ते सगळं ग्राहकांनी स्वीकारायचं, हे एक. आणि भाव दोघांनी बसून, एकमेकांचा विचार करून ठरवायचा, हे दुसरं. आपल्याकडे पहिलं तत्त्व कौतुकाने सांगितलं जातं आणि दुसरं गाळलं जातं, कारण दुसऱ्यासाठी खर्चाची वही उघडावी लागते. ग्रुपवरच्या त्या माणसाने 'अ‍ॅडजस्ट करा'ऐवजी "काका, रविवारी वाडीवर येऊ का? काय झालंय ते बघतो" असं लिहिलं असतं, तर तो जास्त कडक ठरला असता आणि जास्त प्रामाणिकही.

हे सगळं ऐकून कोणीतरी हमखास म्हणतं की यात नवीन काय, आपल्याकडे बलुतं होतंच की. या वाक्याने माझं डोकं जरा फिरतं.

हो, पिकाचा वाटा घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पण जोखीम कुठून कुठे जात होती ते बघा. बलुतेदाराला खळ्यावर धान्य मिळायचं. पीक चांगलं आलं तर सुपं जास्त, दुष्काळ पडला तर कमी, आणि देणाऱ्याची मर्जी नसेल तर आणखी कमी. काम मात्र वर्षभर तेवढंच. आणि त्यातून बाहेर पडायची मुभा नाही, कारण तो वाटा जातीने ठरलेला. जमीन खंडाने कसणाऱ्या कुळाचं तर याहून वाईट. खंड ठरलेला. पाऊस पडो न पडो, मालकाचं धान्य मालकाला पोचलं पाहिजे. म्हणजे आभाळाची सगळी जोखीम, ज्याच्याकडे सगळ्यात कमी आहे त्याच्या डोक्यावर. अर्धेलीत मालकही अर्धं गमवायचा हे खरं, पण त्याच्याकडे इतर जमिनी असायच्या आणि कुळाकडे तेवढीच एक. १९४८ चा कूळ कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणाऱ्याला मालक मानलं गेलं, हे या उतरंडीला बसलेले धक्के होते.

आपल्या इतिहासात जोखीम पाण्यासारखी वाहत आली. नेहमी खाली. आगाऊ पैशांच्या योजनेत ती थोडीशी वर ढकलली जाते, महिन्याच्या एक तारखेला ज्याचा पगार होतो त्याच्याकडे. मला या योजनेत नैतिकदृष्ट्या नवी वाटते ती एवढीच गोष्ट, पण ती लहान नाही. वरच्या हिशोबात निम्मा हंगाम बुडाला, तर प्रत्येक घराचं नुकसान ३,६०० रुपये. झोंबेल, पण त्याने घर बसत नाही. तेच नुकसान एकट्या वाडीवर पडलं तर ७२,००० रुपये. वाडीवाल्याने कर्ज काढावं की नाही, हे त्या आकड्यावर ठरतं. भाजी ताजी असते, विषमुक्त असते, वगैरे सगळं ठीक आहे. ते फायदे पैसे टाकून दुसरीकडेही मिळतात, दहा मिनिटांत ब्लिंकिटवरही मिळतात. हा एक फायदा मात्र तिथे मिळत नाही, कारण तो आपला फायदा नाहीच.

वसईत हा प्रश्न आणखी एका जागी अडतो. इथे वाडीचा खरा प्रतिस्पर्धी दुसरी भाजी नाही, फ्लॅट आहे.

ज्यांनी वसई फक्त विरार फास्टच्या खिडकीतून पाहिलीय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रेल्वेच्या पश्चिमेला, समुद्रापर्यंतच्या पट्ट्यात गास, भुईगाव, निर्मळ, वाघोली, नंदाखाल, आगाशी अशी गावं आहेत. केळी, पानवेली, सोनचाफा, मोगरा, भाज्या. राजेळी केळी सुकवून केलेली सुकेळी इथलीच. या पट्ट्यातून माळवं आणि फुलं घेऊन बायका पहाटेच्या लोकलने दादरला जातात, आणि हे कित्येक दशकं चालू आहे. सगळं उभं आहे ते जमिनीखालच्या गोड्या पाण्यावर. समुद्र इतका जवळ असून विहिरी गोड राहिल्या, त्यात गावागावांतल्या बावखलांचा मोठा हात. बावखल म्हणजे पावसाचं पाणी साठवून जमिनीत मुरवणारं गोड्या पाण्याचं तळं. कुणाच्या वाडीतलं, पण मुरलेलं पाणी सगळ्यांचं.

१९८०च्या दशकात इथे इमारती उभ्या राहू लागल्या. नळाला पाणी नव्हतं. मग पश्चिमेच्या विहिरींवर पंप बसले आणि टँकर भरून इमारतींकडे जाऊ लागले. उपसा वाढला तशा काही विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची हरित वसई संरक्षण समिती या काळातली. टँकर, आणि १९९० मध्ये नियोजनाचा अधिकार मिळालेल्या सिडकोचा आराखडा, या दोन्हींविरुद्ध लोक रस्त्यावर आले. २००९ मध्ये महापालिका झाली, तेव्हाही गावं वगळा म्हणून आंदोलन झालं. पुढे सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचं पाणी शहराला मिळालं. ते पाणी जिल्ह्याच्या आदिवासी भागातलं, आणि तिथल्या शेतकऱ्यांनीही ते शहराकडे वळवण्याला विरोध केला.

हा इतिहास मी सांगतोय तो हळहळण्यासाठी नाही. मला त्यातली एक गोष्ट हवीय. विरार-नालासोपाऱ्याच्या इमारतीत राहणारे आपण वाडीचे वाटेकरी आज ७,२०० रुपये भरून होत नाही. आपण आधीपासूनच होतो. वाडीच्या विहिरीचं पाणी आपल्या टाकीत आलं, तेव्हा वाडीचा एक हिस्सा आपल्याकडे आला. फक्त त्या वेळी फायद्याचा वाटा आपला होता आणि खाऱ्या पाण्याचा वाटा वाडीचा. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली गेले तेव्हा थोडा वाटा परत आला, असं म्हणता येईल. पाणी मुरायच्या, साठायच्या जागा भरून टाकल्या की ते रुळावर येणारच.

म्हणून 'शेतकऱ्याला सपोर्ट करूया' ही भाषा मला खटकते. तिच्यात आपण बाहेरचे आणि वर उभे असतो. देणं फेडणाऱ्याने दात्याच्या सुरात बोलू नये. पण उलट बाजूने, त्या पिशवीवर भलतं ओझंही लादू नये. वीस घरांच्या वर्गणीने वाडी वाचत नाही. वाडीच्या जागेला बिल्डर जो भाव देतो त्याच्यापुढे दुधी, शिराळी, सोनचाफा सगळं मिळून काहीच नाही. वाडी राहणार की जाणार ते विकास आराखड्याच्या नकाशावर ठरतं. कुठला रंग कुठे भरला, कुठलं बावखल नकाशात दाखवलंच नाही, यावर. त्यावर हरकती-सूचना मागवतात, तेव्हा किती जण जातात? पिशवी घेतली की आपलं कर्तव्य झालं असं वाटत असेल, तर ती पिशवी न घेतलेली बरी. ज्या कामाला मतदार लागतो ते काम ग्राहकाकडून होत नाही.

आता सगळ्यात अवघड जागा. जोखीम वाटून घेतली म्हणजे किती?

जपानमध्येच याची परीक्षा झाली. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली आणि त्या भागातल्या अनेक सेंद्रिय शेतकऱ्यांचे जुने, विश्वासाचे तेइकेइ ग्राहक त्यांना सोडून गेले. त्यात लहान मुलांच्या आया मोठ्या संख्येने होत्या. हे गिऱ्हाईक काही अ‍ॅपवरचं नव्हतं. 'वाडीत येईल ते घेऊ' असं म्हणून जोडली गेलेली ही घरं होती. विषारी अन्नाच्या भीतीने जे शेतकऱ्याकडे आले, ते त्याच भीतीने त्याला सोडून गेले.

त्या आयांना दोष देणं मला जमत नाही. मुलाच्या ताटात काय पडावं यात कोणाशीही भागीदारी करता येत नाही. पण शेतकऱ्याची काय चूक होती? त्याने ना अणुभट्टी बांधली ना ती फोडली. या पेचावर बराच विचार करून मला असं वाटतं की आपण दोन वेगळी देणी एकात गुंडाळून ठेवतो. खाण्याचं देणं आणि पैशाचं देणं. 'येईल ते घेईन' या शब्दाने मी काहीही खायला बांधील होत नाही. पण हंगामाच्या पैशाला बांधील होतो, आणि पुढच्या हंगामात निदान समोर बसून बोलायला बांधील होतो. मी ती भाजी खाणार नाही, हे सांगायचा हक्क मला आहे. ती भाजी खात नाही म्हणून तुम्ही आता माझे कोणी नाही, हे सांगायचा हक्क मला वाटत नाही.

आपल्याकडे अणुभट्टीची गरज नाही, वारा पुरतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं आणि वसईतल्या केळीच्या बागा आडव्या झाल्या. केळ मोडली की मोडली. तिला आधार देऊन उभी करता येत नाही. नवा मुनवा लावायचा आणि घडासाठी वर्षभर थांबायचं. बारा आठवड्यांची वर्गणी भरणाऱ्याला हे वर्ष दिसतच नाही. त्याचा करार ऑगस्टअखेरीला संपला, वाडीचा संपत नाही. टाळेबंदीत २०२० मध्ये किती सोसायट्यांच्या गेटवर शेतकऱ्यांचे टेम्पो थेट येत होते, आठवतंय? बाजार उघडले आणि बहुतेक टेम्पो बंद झाले. त्या वेळी आपण वाटेकरी नव्हतो, अडचणीत होतो. जो आपल्या अडचणीत जोडला जातो आणि दुसऱ्याच्या अडचणीत सुटतो, त्याने स्वतःला गिऱ्हाईक म्हणावं. त्यात कमीपणा काही नाही. फक्त 'कम्युनिटी' म्हणू नये.

आणि या सगळ्या हिशोबात एक माणूस अजून आलेलाच नाही.

वाडीवाला आणि वर्गणीदार, दोघांनी बसून जोखीम वाटून घेतली. वाडीत पाणी शिरलं, त्या आठवड्यात खुरपणी नाही, तोडणी नाही, मांडव बांधणं नाही. म्हणजे मजुरीही नाही. वसईच्या वाड्यांमधून काम करणारे मजूर बहुतेक आदिवासी. शहराला धामणीचं पाणी देणारा भागही त्यांचाच. याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, तलासरी-डहाणूकडे, १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होत्या. फुकट राबणार नाही, एवढं साधं म्हणणं होतं. आज वेठ नाही, रोज आहे. पण काम बुडालं तर रोज बुडतो. वीस घरं ३,६०० रुपये सोसायला तयार होतात, वाडीवाला वाचतो, आणि जोखीम पुन्हा आपल्या जुन्या सवयीने घरंगळत खाली जाते, ज्याचं नाव ग्रुपमध्ये नाही त्याच्याकडे.

म्हणून अशा योजनेची पारख पिशवीवरून करू नये, मे महिन्यातल्या बैठकीवरून करावी. खर्चाची वही उघडलेली असते. बी, शेणखत, मांडवाचे बांबू, टेम्पो, मजुरी. त्याच्याखाली एक ओळ वाढवायची: मजुरी, काम बुडालं तरी. आठवड्याला घरटी ५० रुपये धरले तर हंगामाचे १२,००० होतात. दोन मजुरांना, तीन आठवडे वाडीत काम नसलं, तर आठवड्याला दोन-दोन हजार. फार नाही, पण शून्यही नाही. आता ६०० चे ६५० झाले. माझा अंदाज, वीसपैकी तीन घरं इथे गळतील. वाईट लोक असतात म्हणून नाही. मुलाच्या शाळेची फी त्याच महिन्यात असते, आणि आगाऊ आठ हजार सगळ्यांना जमत नाहीत. मग तोच खर्च सतरा घरांनी पेलायचा तर आठवड्याला साधारण ७६५ रुपये पडतात, आणि वही पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावी लागते. तेव्हा कोणीतरी म्हणेल की ती शेवटची ओळ काढा ना, बाकी सगळं जमतंय.